मेथीचं चिलखत

“हात जरा वर धरा, पाहुणं. आणि श्वास पोटातनं घ्या, छातीतनं नको. लगदा हलतोय.”

सासऱ्यांच्या या सूचनेनुसार मी दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत पसरून परसात उभा होतो. खताच्या प्लॅस्टिकच्या पोत्याला गळ्यापाशी आणि हातांपाशी भोके पाडून ते मला घालण्यात आले होते आणि त्यावर सासूबाई भिजवून वाटलेल्या वर्तमानपत्रांचा लगदा थापत होत्या. बायका सूप आणि टोपल्या ज्या लगद्याने लिंपतात तोच हा: कागद, गव्हाच्या पिठाची खळ आणि वाटलेल्या मेथ्या. मेथीमुळे लगदा चिवट होतो, वाळल्यावर तडकत नाही. तिचा कडवट वास नाकातून थेट माझ्या डोक्यात शिरला होता.

लग्नानंतरचा माझा तो पहिला दसरा. घरून निघताना आईने बजावले होते की सासरी जावयाचा मान असतो; आपण होऊन काही मागू नये, ते जे करतील ते करून घ्यावे. मी करून घेत होतो.

“अजून किती वेळ, मामा?”

“वाळेस्तोवर.”

“आणि वाळायला?”

“ऊन चांगलं आहे,” ते म्हणाले आणि त्यांनी आभाळाकडे असे पाहिले, जणू तेही कधीकाळी त्यांच्याच वर्गात बसलेले होते.

दारात शेंगा फोडत बसलेली माझी बायको वैजयंता हसू दाबण्याचा प्रामाणिक प्रयत्न करीत होती. “अहो, नाक खाजलं तर सांगा हं,” ती म्हणाली. तिने तसे म्हणेपर्यंत ते खाजत नव्हते.

माझे सासरे मारुतराव खराडे यांनी भाळवड्याच्या हायस्कुलात हयातभर शास्त्र शिकवले होते आणि सगळे गाव त्यांना गुरुजी म्हणत असे. दसऱ्याच्या दुपारी गाव शिलंगणाला निघते, तेव्हा पुढे घोड्यावर एक सरदार असतो. तो शिवेवर जाऊन आपट्याच्या फांदीवर तलवारीचा घाव घालतो आणि मग गाव सोने लुटते. या सरदाराचे पत्र्याचे चिलखत देवळातल्या पेटीत ठेवलेले असे. त्या वर्षी पेटी उघडली तेव्हा तळाशी तांबड्या भुकटीचा ढीग आणि एक बकल एवढेच सापडले. सरदाराने यंदा नुसत्या फेट्यावर जावे असे पंचमंडळी ठरवीत होती, इतक्यात गुरुजी बैठकीत उभे राहिले आणि म्हणाले, “चिलखत मी करतो. पण घालणार मीच.” सायकलीखेरीज दुसऱ्या कशावरही न बसलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकून गाव अचंबित झाले.

आमची दोघांची अंगलट सारखी होती. साचा कोणाच्या अंगावर घ्यायचा, हा प्रश्न माझ्या येण्याने सुटला.

मी कॉलेजात इतिहास शिकवीत असे. न राहवून म्हणालो, “मामा, आपल्याकडची चिलखतं कड्यांची असायची. जाळीसारखी. हे असं सलग नसायचं.”

“तुम्ही इतिहास शिकवता, मी शास्त्र शिकवलं. कड्यांना तार लागती, लगद्याला रद्दी. रद्दी आपल्याकडं आहे.” मग थोडा विचार करून त्यांनी सवलत दिली. “बरं, वरनं सोड्याच्या बाटलीची बुचं ठोकून लावू. लांबनं कड्यांसारखी दिसतील.”

तेवढ्यात सासूबाई थांबल्या. मेथी संपली होती. त्यांनी हात धुतले नाहीत, कोणाला दुकानात पाठवले नाही. परसाच्या कडेला एक छातीएवढी उंच भिंत होती, तिच्याजवळ जाऊन त्या हलकेच म्हणाल्या, “हौसा.”

पलीकडून बांगड्यांचा आवाज आला, मग एक हात आणि त्या हातात पत्र्याचा डबा. “घ्या अक्का. चांदणीच्या खुराकातली आहे. ह्यांना कळायच्या आत डबा द्या परत.”

गुरुजी त्या वेळी लक्षपूर्वक माझ्या काखेत पाहत होते.

ती भिंत काय आहे, हे मला वैजूने संध्याकाळी सांगितले. त्या वेळी ती पोत्याच्या गळ्यातून आत उतरून माझ्या पाठीला चिकटलेला लगदा कोमट पाण्याने सोडवीत होती. पलीकडे हौसाकाकी आणि त्यांचे यजमान, गुरुजींचे धाकटे भाऊ सर्जेराव, राहत. पूर्वी ते साखर कारखान्यात कारकून होते. एक दिवस ती नोकरी सोडून त्यांनी वरातीसाठी चांदणी नावाची एक पांढरी घोडी विकत आणली. घरी पाहुणे बसलेले असताना गुरुजी म्हणाले, “आता घरात दोन जनावरं झाली.” सर्जेरावांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “जनावरांना बोलता येत नाही, आण्णा.” तेव्हापासून ते गुरुजींशी बोललेले नव्हते. गुरुजीही त्यांच्याशी बोललेले नव्हते. वैजू तेव्हा शाळेत होती. आमच्या लग्नातही काका आले ते घोडी घेऊन, वराकडची मंडळी म्हणून, आणि अक्षता टाकून वराकडच्याच पंगतीत जेवून गेले. मी ज्या घोडीवरून मिरवलो ती चुलत सासऱ्यांची होती, हे मला त्या संध्याकाळी समजले.

“म्हणजे शिलंगणाची घोडी तीच?”

“पांढरी घोडी गावात तेवढीच आहे. आणि ती काकांशिवाय कोणाला लगाम धरू देत नाही.” मग पाठीवर पाणी ओतत तिने खरी अडचण सांगितली. “आणि रीत अशी आहे, सरदारानं पहिलं सोनं घोडी धरणाऱ्याला द्यायचं. त्याच्याआधी गावात कोणी पान तोडत नाही.”

“मग मामा काय करणार?”

“तेच बघायला सगळं गाव येणार आहे.”

दुसऱ्या दिवशी मी तो विषय गुरुजींपुढे जपून काढला. त्यांनी त्यावर आधीच विचार केलेला होता. “तुम्ही घोडीच्या डाव्या अंगाला चालायचं. पान मी तुमच्या हातात देईन, तुम्ही ते घोडीवाल्याला द्यायचं. रीतही राहिली, बोलणंही नाही.” माझ्या मनात आले की म्हातारपणी माणसाला मिरवण्याची हौस सुटते ती अशी. सख्ख्या भावाला ‘घोडीवाला’ म्हणायचे, पण त्याची घोडी मात्र हवी! मला ते आवडले नाही. पण जावई असल्याने मी फक्त मान हलवली.

चिलखत पुरते वाळले. पहिल्याच संध्याकाळी माझ्या दोन्ही बगलांतून ब्लेडने कापून ते पुढचा आणि मागचा असे दोन भागांत काढण्यात आले होते; आता ते जुन्या दप्तरांचे पट्टे लावून जोडण्यात आले. पुढच्या भागावर ठोकून चपटी केलेली बुचे ओळीने बसवली, त्यावर पाण्याच्या टाकीला लावतात तो चांदीरंग दिला. छातीपुरते पाहिले तर काम खरोखरच रुबाबदार झाले होते. पाठीच्या वेळेपर्यंत बुचेही संपली आणि रंगही.

“मागं राख आणि खळ फासा,” गुरुजी म्हणाले. “सरदाराची पाठ कोण बघतंय?”

शिरस्त्राणासाठी त्यांनी दुधाचे पातेले उचलले. त्यावर सासूबाईंनी या सगळ्या उद्योगातली पहिली हरकत घेतली. “आन् दूध कशात तापवू? तुमच्या चिलखतात?”

“एक दिवसाचा प्रश्न आहे.”

“एक दिवस रंग लावल्यावर ते पातेलं राहतंय व्हय?”

शेवटी पातेले रंगाशिवाय, नुसते चिंचेने घासून लख्ख करून, फेट्याच्या कापडात बसवायचे ठरले. त्याला दुधाचा वास शेवटपर्यंत राहिला.

राहता राहिले घोडीवर बसणे. त्याचा सराव गुरुजींनी भिंतीवर केला. ते रोज सकाळी स्टुलावर चढून भिंतीवर टांग टाकीत आणि ताठ बसत; एक पाय त्यांच्या परसात, दुसरा सर्जेरावांच्या. पलीकडे घोडीला खरारा करण्याचा आवाज येत असे. पहिल्या दिवशी तो आवाज थांबला. मग सर्जेरावांचा आवाज आला, “चांदणे, बघ. पाय आला आपल्याकडं.”

गुरुजी समोर पाहत मला म्हणाले, “पाहुणं, सांगा त्यांना, भिंत सामाईक आहे.”

मी भिंतीकडे पाहिले. निरोप पोहोचला असावा, कारण पलीकडून उत्तर आले. “चांदणे, टाच आत घ्यावी म्हणावं. घोडीला टोचती. भिंतीला नाही कळायचं.”

गुरुजींची टाच आत गेली.

दसऱ्याच्या दुपारी देवळापुढे सगळे गाव जमले होते. गुरुजी आत, सभामंडपात तयार झाले. मागचे पट्टे त्यांना स्वतःला आवळता येत नव्हते. ते मी आवळले. बाहेर आले तेव्हा लोकांनी खरोखर टाळ्या वाजवल्या. उन्हात बुचे झगमगत होती, डोक्यावर पातेले तळपत होते आणि हनुवटीखालच्या पट्ट्यामुळे मान कोणत्याच बाजूला वळत नव्हती. त्यामुळे ते फारच करारी दिसत होते.

रिवाजाप्रमाणे सरदार घोडीकडे पाठ करून उभा राहतो आणि पंचमंडळी त्याला कुंकू लावून हार घालतात. चांदणी त्यांच्या अगदी मागे उभी होती. पाठीवर, खोगिरावरून, वरातीची लाल मखमली झूल, कपाळावर आरशांचा पट्टा. लगाम सर्जेरावांच्या हातात होता. अंगाने बारीक, मिशा गुरुजींसारख्याच. भावाचे तोंड दिसू नये म्हणून ते मुद्दाम बँडवाल्यांकडे पाहत होते. घोडीवाल्याचे तोंड दिसू नये म्हणून गुरुजी सरपंचांकडे पाहत होते. त्यांना दुसरीकडे पाहताही येत नव्हते. मी लाकडी तलवार धरून समोर उभा होतो.

सरपंचांचे चार शब्द लांबत गेले. मध्येच गुरुजी ओठ न हलवता म्हणाले, “पाहुणं, पट्टे हळू ओढा. मागं हिसका बसतोय.”

“मामा, मी इथं आहे. तुमच्या पुढं.”

त्यांनी मला पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी आजवर विसरलेलो नाही. “मग मागं कोण आहे?”

मागून करकर आवाज आला. कुरडई मोडावी तसा. मी बाजूला होऊन पाहिले. चांदणी शांतपणे, डोळे अर्धवट मिटून गुरुजींची पाठ खात होती. आपल्याच खुराकातली मेथी, त्यात गव्हाचे पीठ; तिने खांद्यापासून सुरुवात करून कमरेपर्यंतचा मोठा भाग संपवला होता. आत गुरुजींचे बनियन दिसत होते, आणि बनियनलाही एक भोक होते, पण ते जुने.

पहिल्यांदा बँडवाले हसले. मग सगळे.

“गुरुजी, सरदाराला भगदाड पडलं!” कोणीतरी ओरडले.

“घोडीनं चाखून बघितलं, गुरुजी! मीठ कमी आहे म्हणती!”

आता सर्जेरावांनी मान वळवली. त्यांनी लगाम खसकन ओढला. “चांदणे! लाज नाही वाटत?” घोडीने तोंडातला घास संपवला.

गुरुजी लाल झाले होते. हात मागे नेऊन ते पाठ चाचपत होते आणि तो हात मागे पोहोचत नव्हता. “पाहुणं, पट्टे सोडा. मला घरी न्या.”

“मामा, अहो—”

“सोडा म्हणतोय ना! दुसऱ्या कोणाला बसवा. फेट्यावर जाऊ द्या कोणालाही.” त्यांचा आवाज फुटला. भर वर्गात कोणाचा असा आवाज झाला असता, तर त्या मुलाला त्यांनी पाणी प्यायला बाहेर पाठवले असते. “माझं काम नव्हतं हे.”

मी पट्ट्याला हात घातला. त्या वेळी माझ्या मनात सुटल्याची भावनाच अधिक होती, हे नाकारत नाही. तेवढ्यात चांदणीच्या अंगावरची झूल सपकन निघाली. सर्जेरावांनी ती झटकली, गुरुजींच्या खांद्यांवर टाकली आणि पुढे घेऊन गळ्यापाशी तिच्या नाड्यांची गाठ मारली. लाल मखमल टाचांपर्यंत आली. तिच्यावरच्या टिकल्या लुकलुकू लागल्या. हसणे हळूहळू बंद झाले, कारण आता ते खरोखरच सरदार दिसत होते.

गाठ मारताना सर्जेरावांचे तोंड भावाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होते. तरीही ते घोडीलाच म्हणाले, “चांदणे, सांग त्यांना. पाठ झाकली म्हणावं. चढा.”

“पाहुणं,” गुरुजी म्हणाले, “घोडीवाल्याला विचारा, टाच आत ना?”

“आत,” सर्जेराव घोडीला म्हणाले.

मिरवणूक निघाली. मी डाव्या अंगाने चालत होतो. उजवीकडून सर्जेराव लगाम धरून चालत होते, आणि झूल वाऱ्याने सरकली की न बघता एका हाताने ती नीट करीत होते. सासूबाई आणि हौसाकाकी बायकांच्या घोळक्यात शेजारी शेजारी चालत होत्या. त्यांना एकमेकींशी बोलताना कोणी पाहिले असते तर पाहिले असते. त्या दिवशी दोघींना त्याची फिकीर दिसली नाही.

शिवेवर आपट्याची फांदी रोवलेली होती, घावाच्या जागी आधीच अर्धी तोडून ठेवलेली. गुरुजींनी तलवार चालवली, फांदी पडली, हलगी कडाडली. कोणीतरी पानांची एक डहाळी त्यांच्या हातात दिली. आणि मग गाव गप्प झाले.

ठरल्याप्रमाणे मी हात वर केला.

गुरुजींनी एक पान खुडले. माझ्याकडे त्यांनी पाहिलेच नाही. त्यांनी हात उजवीकडे, सर्जेरावांच्या दिशेने केला. पण छातीचा तो टणक पुठ्ठा त्यांना वाकू देत नव्हता. हात खांद्याएवढा सरळ पसरला आणि पान घोडीच्या कानाजवळ हवेत लोंबकळत राहिले. सर्जेराव क्षितिजाकडे पाहत होते. चांदणीने मान वळवली, पान तोंडात घेतले आणि खाल्ले.

लोक हसले, पण दबून.

गुरुजींनी दुसरे पान खुडले. “सर्जा,” ते म्हणाले.

मला नाही. घोडीला नाही. आणि ते वाकले.

कड्कन आवाज झाला. चिलखत मधोमध उभे फाटले, बुचे खळखळ करीत रस्त्यावर सांडली, पातेले नाकावर घसरले. तरी ते वाकतच गेले, पान पुढे धरून, एक पाय रिकिबीतून सुटलेला.

“आण्णा! वाकू नगा, पडशीला!”

सर्जेरावांनी लगाम सोडून दोन्ही हातांनी त्यांना धरले. पान कोणी दिले आणि कोणी घेतले ते मला नीट दिसले नाही. लाल झुलीच्या आत दोघांचीही डोकी गेली होती. आतून फक्त गुरुजींचा आवाज ऐकू आला, “चुकलं माझं ते. पाहुण्यांसमोर बोललो ते.” आणि सर्जेरावांचा, “आधी दुसरा पाय काढा रिकिबीतनं. मग बोला.”

चांदणी उभी होती, लगाम जमिनीवर लोळत होता. कोणाला काही सांगायचे, तर आता तिची गरज उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात सासूबाई चिलखताचे तुकडे घंगाळात भिजत घालीत होत्या. “हौसाच्या सुपाला होईल,” त्या म्हणाल्या.

“मामी, ती मेथी घोडीच्या खुराकातली होती, हे तुमच्या लक्षात नाही आलं?”

“तिच्या वाटणीची होती,” त्या मान वर न करता म्हणाल्या, “तिनं घेतली परत.”

गुरुजी पायरीवर बसून रॉकेलच्या बोळ्याने नखांतला चांदीरंग काढीत होते. मी त्यांच्याशेजारी बसलो.

“मामा, पान माझ्या हातात द्यायचं ठरलं होतं आपलं.”

“ठरलं होतं.”

“म्हणजे तुमच्या मनात पहिल्यापासून...” मी भिंतीकडे बोट केले. “पण एवढ्यासाठी चिलखत कशाला? इथून एक हाक मारली असती तरी चाललं असतं.”

त्यांनी बोळा पुन्हा रॉकेलात बुडवला.

“नुसत्या सदऱ्यात त्याच्यापुढं जायची छाती होत नव्हती, पाहुणं.”

पलीकडून कपबश्यांचा आवाज आला. “आण्णा, चहा टाकलाय.”

“आलो,” गुरुजी म्हणाले आणि उठले. दार उघडेच होते. तेथून वळसा घालून गेले असते तरी फार चालावे लागले नसते. त्यांनी स्टूल भिंतीला लावले, एक टांग टाकली, टाच आत घेतली, आणि या खेपेला दुसरा पायही उचलून पलीकडे नेला.